वाढप्याचा उजवा हात

माझ्या भावाला दुर्गेच्या मांडवात थापड बसली तेव्हा मी गोंदियाला, पेपरच्या कार्यालयात उद्याचं पान लावत होते. प्रसंग मी पाहिलेला नाही. नंतर चार जणांना वेगवेगळं गाठून विचारलं. मारणारा ठेकेदार काय बोलला, यावर चौघांचं जुळलं नाही. बाकीचं जुळलं. थापड उजव्या हाताची होती. ती डाव्या गालावर बसली. भावाच्या हातातला कुंचला खाली पडला. मांडवात मंडळाची सगळी माणसं हजर होती आणि कोणी तोंड उघडलं नाही.

मी संपादकांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "तक्रार दाखल आहे?"

"नाही."

"मग बातमी कुठे आहे?"

नियमाने ते बरोबर होते. बातमी झाली नाही. त्यानंतर जे झालं तेही पूर्ण छापून आलं नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

आमचं गाव सौंदड स्टेशनवर उतरून पुढे जावं लागतं अशा बाजूला आहे. आम्ही कोहळी. तलाव बांधणाऱ्यांची जात म्हणून या मुलखात ओळख आहे. गावचा तलाव आमच्याच पूर्वजांनी बांधला असं सांगतात. त्याचा कागद कोणाकडे नाही, पाणी अडवणारी मातीची पाळ मात्र आहे. माझा भाऊ तलाव बांधत नाही. तो त्याच तलावातली माती काढून मूर्ती करतो. लाकडाचा सांगाडा, त्यावर तणस म्हणजे भाताचा पेंढा, त्यावर माती. गणपती, शारदा, आणि नवरात्रात दुर्गा.

दुर्गेच्या मूर्तीबद्दल आमच्याकडे एक रिवाज आहे. देवीचा चेहरा साच्यातून निघतो. दरवर्षी तोच. राक्षसाचा चेहरा मात्र मूर्तिकार हाताने करतो, आणि तो गावातल्या कोणाचा तरी असतो. ज्याने वर्षभरात गावाला त्रास दिला त्याचा. एका वर्षी रेशन दुकानदाराचा होता. एका वर्षी रस्त्यावर गोठा काढणाऱ्या माझ्या सख्ख्या काकाचा. स्थापनेच्या दिवशी पडदा निघाला की पोरंसोरं ओरडतात, "यंदाचा कोन?" ज्याचा चेहरा असतो त्याने नारळ आणायचा, मूर्तिकाराच्या हाती द्यायचा, आणि सगळ्यांसोबत हसायचं. काकांनी नारळ आणला होता आणि गोठाही मागे घेतला होता. दसऱ्यानंतर मूर्ती शिरवतात, म्हणजे तलावात सोडतात, चेहरा विरघळतो, हिशेब मिटतो. तिथल्या तिथे, पोलीस आणि कोर्टाशिवाय.

त्या वर्षी ठेकेदाराने रस्त्याच्या भरावासाठी तलावाच्या पाळीची माती उचलली होती. जेसीबी लावून, दिवसाढवळ्या. पावसाळ्यात पाळ त्या जागी खचली आणि खालच्या भाताच्या बांध्यांमधली रोवणी वाहून गेली. मंडळाच्या बैठकीत नाव एकमताने ठरलं. भावाने स्वतःच्या मनाने काही केलं नव्हतं. अध्यक्ष स्वतः म्हणाले होते, "यंदा त्यालेच बसव. गाल बराबर फुगव."

ठेकेदार तालुक्याच्या गावचा. हिंदी बोलणारा, तरी रिवाज त्याला ठाऊक होता, कारण आदल्या वर्षी तो याच मांडवात काकांना हसला होता. थापडेच्या वर्षी तो मंडळाचा पाहुणा होता. जनरेटर त्याचा, मांडवाचे पाइप त्याचे. पडदा निघाला, पोरं ओरडली, आणि त्याने नारळाऐवजी हात उचलला. अध्यक्ष त्या वेळी लाइटची माळ सोडवत होते. ते सोडवतच राहिले. उपाध्यक्ष नखाकडे पाहत होते. एक जण मोबाइल पाहत होता. ज्यांनी नाव ठरवलं होतं त्यांच्यापैकी एकालाही "आम्हीच सांगितलं होतं" हे तीन शब्द बोलता आले नाहीत.

भावाने कुंचला उचलला, राक्षसाच्या चेहऱ्यावर ओली माती फासली आणि घरी आला. त्या नवरात्रात आमच्या दुर्गेच्या पायाखाली बिनचेहऱ्याचा राक्षस होता.

पुढच्या वर्षी त्याने गावची मूर्ती केली नाही. कामठ्याकडून एक ऑर्डर येत असे, तीही सोडली. सिमेंटची कामं घेऊ लागला. फाटकावरचे सिंह, विहिरीवरची गाय, शाळेच्या भिंतीवरचा मोर. रोज रात्री जेवताना डाव्या बाजूने चावतो का उजव्या, एवढं मात्र वहिनी पाहत असे. "डावीकडून चावतच नाही," तिने मला सांगितलं. "दात दुखून नाही राहिला. मी इचारलं."

चर्चचं काम एका नर्सबाईंमुळे आलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात केरळच्या एक बाई आहेत. नाताळच्या देखाव्यासाठी त्यांनी भावाकडून मेंढ्या आणि उंट करून घेतले होते. हायवेवरच्या आमच्या बाजारगावात त्यांच्यासारखी थोडी कुटुंबं आहेत. रेल्वेतली, दवाखान्यातली, एक टायरचं दुकान चालवणारं, आणि छत्तीसगडकडून आलेली काही. त्यांचं छोटं चर्च आहे, संत थॉमसच्या नावाचं. येशूच्या बारा शिष्यांपैकी एक. केरळातले ख्रिस्ती मानतात की तो समुद्रमार्गे त्यांच्या किनाऱ्यावर उतरला, त्याने तिथे सात चर्च उभारली आणि चेन्नईजवळच्या टेकडीवर भाल्याने मारला गेला. इतिहासकारांचं यावर एकमत नाही. नर्सबाईंना इतिहासकारांची गरज नाही. त्यांच्या घराण्यात, त्यांच्या सांगण्यानुसार, पहिला बाप्तिस्मा त्यानेच दिला.

चर्चपुढे मंडप बांधायचा होता. तिथल्या फादरकडे केरळातल्या जुन्या चर्चचे फोटो होते: उतरतं कौलारू छप्पर, लाकडी तुळया, दारापुढे उंच दगडी क्रूस, देवळात असते तशी दीपमाळ. परदेशी लोक येण्याआधी तिथले लोक चर्च शेजारच्या देवळासारखंच बांधत, असं फादर म्हणाले. तसाच मंडप हवा होता. निविदा ज्याला मिळाली त्याने खांब उभे केले आणि वर सपाट स्लॅब टाकला. तो आमचाच ठेकेदार होता.

मंडपाच्या आतल्या भिंतीवर संताच्या आयुष्यातली चित्रं सिमेंटमध्ये उठावात काढायची, हे भावाचं काम. फादरनी तीन प्रसंग सांगितले. पहिला सगळ्यांना माहीत असलेला. येशू पुन्हा उठला हे थॉमसला पटत नाही, म्हणून तो जखमेत बोट घालून पाहतो. दुसरा, राजासमोर उभा असलेला थॉमस, हातात गवंड्याचा काटकोनी गुण्या. जुन्या कथेप्रमाणे तो मिस्त्री होता. राजाने महाल बांधायला दिलेलं धन त्याने गरिबांना वाटलं आणि तुझा महाल स्वर्गात झाला म्हणून सांगितलं. त्यामुळे युरोपातल्या चित्रांत तो गुण्यावरून ओळखू येतो आणि बांधकाम करणारे त्याला आपला संत मानतात. तिसरा, भाला.

मी त्या दिवशी सुट्टीवर होते आणि भावासोबत गेले होते. भावाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फादर, याले कोणी मारलं नाही का?"

"भाले से मारा ना, मिस्त्री."

"तसं नाही. हातानं."

फादर हसले. "एक कहानी है. लेकिन बाइबल में नहीं है. हम लोग पढ़ते नहीं."

कथा अशी. थॉमसला गुलाम म्हणून एका व्यापाऱ्याला विकलं होतं. व्यापारी त्याला घेऊन बोटीने निघाला आणि वाटेत एका शहरात उतरला. तिथे राजाच्या मुलीचं लग्न होतं. मेजवानीला सगळ्यांना बसावंच लागलं. थॉमस बसला, पण काही खात-पीत नव्हता, वर पाहत होता. दारूचे पेले भरणाऱ्या वाढप्याने त्याच्या थोबाडीत मारली. थॉमस म्हणाला, देव तुला परलोकात माफ करेल, पण ज्या हाताने मारलंस तो हात इथेच कुत्रा ओढत आणेल, आणि ते मी पाहीन. वाढपी विहिरीवर पाण्याला गेला. तिथे सिंहाने त्याला फाडलं. थोड्या वेळाने एक काळा कुत्रा तोंडात उजवा हात धरून भर पंगतीत आला.

भावाने रिकामी भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. मग म्हणाला, "हे काढतो."

"नहीं, मिस्त्री. प्रभु का शिष्य शाप देता है, ये अच्छा नहीं दिखता. प्रभु ने कहा है, एक गाल पर मारे तो दूसरा आगे करो."

"मंग यानं काऊन नाही केला?"

फादरनी घड्याळ पाहिलं आणि प्रार्थनेची वेळ झाली म्हणाले. नंतर मी शोधलं तेव्हा कळलं, फ्रान्समधल्या काही जुन्या चर्चांच्या रंगीत काचांवर ही मेजवानी आहे, कुत्र्यासकट, हातासकट. फोटो फादरना पाठवले. उत्तर आलं: "ठीक है. चौथा पैनल."

ठेकेदाराने भावाला तिथे पाहिलं त्या दिवशी तो खुशीत होता.

"अरे मूर्तिकार! इधर भी आ गया?" त्याने माणसांसमोर विचारलं. "इस बार मुझे भगवान बनाना, समझा?"

"भगवान तं ठरलेला आहे, साहेब."

"तो राजा बना. राजा तो है ना इसमें? महल बनवानेवाला? वो मैं." त्याने स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. "गाल थोड़े कम रखना."

माणसं हसली. भाऊ म्हणाला, "राजाच्या पंगतीतच ठेवतो तुम्हाले."

"पंगत? बढ़िया."

त्याने त्याच दिवशी आपली पाइपांची परांची भावाला वापरायला दिली, वर चांगल्या सिमेंटच्या गोण्या पाठवल्या. आठवड्याभरात तालुक्यातल्या चार चौकांत त्याने सांगितलं होतं की चर्चच्या भिंतीवर त्याचा चेहरा येणार आहे. आमच्या गावच्या मंडळालाही त्यानेच निमंत्रण दिलं. थॉमसचा सण जुलैच्या सुरुवातीला येतो. त्याच दिवशी मंडपाचं उद्घाटन आणि सगळ्यांना जेवण होतं. ट्रॉली तो पाठवणार होता.

वहिनीला हे कळलं तेव्हा तिने हातातली परात खाली ठेवली.

"पुन्हा त्याचंच थोबाड? अन् मार खाल्ला तं?"

"खाईन."

"मी काय म्हणून राहिली, तुमच्या गालाले सवय झाली का? बाई, तुमी तरी सांगा याले." बाई म्हणजे मी. आमच्याकडे बहिणीला भाऊ आणि भावजय दोघंही बाई म्हणतात.

मी भावाला एवढंच विचारलं की तो हे का करतो आहे. विचारणं माझं काम आहे.

"गेल्या बारीनं तो पुसाव लागला," तो म्हणाला. "माती होती. सिमिट पुसता येत नाही."

माती महिनाभर ऐकते. ओली केली की नाक बदलता येतं. सिमेंट दुपारपर्यंतच ऐकतं. त्यामुळे तो एका दिवशी एकच चेहरा करी. सकाळी लोखंडी जाळीवर माल चढवायचा, जेवणाआधी चेहरा संपवायचा, मग ओली पोती टाकून झाकायचा आणि दिवसातून दोनदा पाणी मारायचं. पोती काढून कोणाला पाहू देत नसे. ठेकेदाराने एकदा पोत्याचं टोक उचललं. भाऊ म्हणाला, "हवा लागली तं तडा जाते, साहेब. तुमच्याच तोंडाले जाईल." ठेकेदाराने पोतं सोडलं.

मी पुन्हा गेले तेव्हा त्याने मला चौथं चित्र दाखवलं. डाव्या टोकाला राजा, साच्यातून काढल्यासारखा कोणाचाच नसलेला चेहरा. मध्ये थॉमस. फादरनी दिलेल्या चित्रातली दाढी, कमरेला खोचलेला गुण्या, जसा आपल्याकडचे मिस्त्री खोचतात. त्याच्यासमोर वाढपी, एका हातात सुरई, दुसरा हात थापड मारून परत येताना. गाल अजिबात कमी नव्हते. खाली कुत्रा, दोन प्रसंग एकाच चौकटीत असल्यासारखा, तोंडात तोच हात. हात कोपरापासून होता आणि बोटातली अंगठी दोन्ही ठिकाणी सारखी होती. मागे पंगत. बसलेल्या माणसांची शरीरं झाली होती, माना खाली होत्या. चेहऱ्यांच्या जागी जाळी तशीच होती.

"हे?"

"होऊन राहिलं," तो म्हणाला, आणि पोती टाकली.

सणाच्या दिवशी रोवणी अडलेली होती. पाणी नव्हतं, माणसं मोकळी होती. ट्रॉली भरून आली. मंडळाचे अध्यक्ष इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत होते. नर्सबाई आणि त्यांच्या घरच्या बायका सोनेरी काठाची पांढरी साडी नेसून आल्या होत्या. ठेकेदारासोबत त्याचे दोन मेहुणे आणि मोबाइल धरलेला पुतण्या होता. प्रार्थना झाली, ती मल्याळममध्ये आणि हिंदीत होती. फादरनी ठेकेदाराला शाल दिली, भावाला शाल दिली. मग पोती काढली.

पहिल्या तीन चित्रांसमोर लोक रेंगाळले नाहीत. जखमेत घातलेलं बोट पाहून एका म्हातारीने "बाप्पा!" म्हटलं एवढंच. दुसऱ्या चित्रातल्या राजासमोर ठेकेदार थांबला, नाक जवळ नेऊन पाहिलं आणि मान हलवली. पुतण्या म्हणाला, "चाचा, ये आप नहीं हो." ते चौथ्याकडे गेले. तिथल्या राजाकडेही पाहिलं. तो चेहराही कोणाचाच नव्हता.

मग आमच्या गावचं एक पोरगं, ज्याला रिवाज माहीत होता, सवयीने राजाकडे न पाहता मारणाऱ्याकडे पाहून ओरडलं, "यंदाचा ठेकेदार!"

ट्रॉलीतून आलेले सगळे पुढे सरकले. बायका हसल्या. अध्यक्षही हसले. मोकळं हसू होतं ते, दोन वर्षं दाबून ठेवलेलं. ठेकेदाराने आधी वाढप्याकडे पाहिलं, मग खाली कुत्र्याकडे, मग आपल्या बोटातल्या अंगठीकडे.

"फादर," तो म्हणाला, "ये तुड़वाना पड़ेगा."

"क्यों?"

"इसमें मेरा चेहरा लगाया है इसने."

"हाँ, आपने सबको बोला था," फादर म्हणाले. "आप कौन-से हैं?"

प्रश्न साधा होता. फादर चित्राकडे नजर लावून उत्तराची वाट पाहत होते. ठेकेदाराने बोट उचललं आणि अर्ध्यावर थांबवलं. दाखवलं असतं तर सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं की जो मारतो तो मी, आणि कुत्र्याच्या तोंडात आहे तो माझा. पुतण्याचा मोबाइल चालूच होता. एका मेहुण्याने तो खाली केला. ठेकेदाराने भावाकडे पाहिलं. भाऊ त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता, डावा गाल त्याच्याकडे करून. मला वाटतं, तो वाट पाहत होता. हात उठला नाही. ठेकेदार शाल खांद्यावर तशीच घेऊन गाडीकडे गेला. गाडी जाईपर्यंत आमच्या गावची माणसं हसत होती.

फादरना हे आधी माहीत होतं का, हे मी नंतर विचारलं. "मैं तो यहाँ नया आदमी हूँ," ते म्हणाले. त्यांना इथे येऊन बरीच वर्षं झाली आहेत.

हसू थांबलं ते एका म्हातारीमुळे. ती अजून चित्रासमोरच उभी होती, चष्मा वर करून. "अन् हा?" तिने पंगतीतल्या एकावर बोट ठेवलं. "अवो, हा तं तुमचा अध्यक्ष होय ना?"

तोच होता. पंगतीत बसलेला, मान खाली, दोन्ही हातांत एक गुंतलेली दोरी. त्याच्या बाजूला उपाध्यक्ष, अंगठ्याच्या नखाकडे पाहत. त्यापलीकडे मोबाइलवाला, त्याच्या हातात काहीच नव्हतं, तो रिकाम्या तळव्यात पाहत होता. एकेक करत सगळे निघाले. संपूर्ण मंडळ तिथे जेवायला बसलं होतं. समोर एका पाहुण्याला थोबाडीत मारली जात होती आणि त्यांच्यातला एकही वर पाहत नव्हता. चेहरे इतके बरोबर होते की कोणाला कोणाचं नाव विचारावं लागलं नाही.

अध्यक्ष भावाजवळ आले. "अरे, आमचं काऊन केलं? आमी का मारलं तुले?"

"नाही मारलं."

"मंग?"

"म्हणूनच बसवलं. मारणारा उभा आहे."

"हे मुर्तीसारखं शिरवाचं बी नाही," उपाध्यक्ष म्हणाले. "पोरं-नातू येतीन इथं."

"येऊ द्या," भाऊ म्हणाला.

अध्यक्षांनी फादरकडे तक्रार केली. फादर म्हणाले की चित्र संताचं आहे, कोणाच्या गावाचं नाही, आणि भात निवतो आहे, बसून घ्या. उन्हात ट्रॉली परत जायला वेळ होता. जेवणाशिवाय जाणं म्हणजे चेहरा कबूल करणं होतं. माणसं बसली. मंडपात त्या भिंतीपुढेच सतरंज्या घातल्या होत्या. पत्रावळी आल्या.

वाढायला चर्चची पोरं होती. भावाने एकाच्या हातातली भाताची बाल्टी घेतली. शाल काढून वहिनीकडे दिली आणि मंडळाच्या ओळीत गेला.

पहिल्या माणसाने पत्रावळीकडे पाहत हात पुढे केला. भाऊ वाढेना. नुसता उभा राहिला. माणसाला वाटलं भात संपला, म्हणून त्याने वर पाहिलं. वर पाहिलं की भाऊ दिसतो आणि भावाच्या मागे भिंत. भावाने एक झारा भात वाढला आणि पुढे सरकला.

दुसऱ्यापाशी तो बोलला. आवाज चढवला नाही. "मान वर करा, मंग वाढतो."

ओळीतल्या सगळ्यांनी ऐकलं. बायकांच्या ओळीतही ऐकू गेलं. मोबाइलवाल्याने मान वर केली आणि लगेच खाली घातली. भाऊ थांबला. त्याने पुन्हा वर केली, या वेळी ठेवली. त्याला भात मिळाला. उपाध्यक्षांनी हसून नेण्याचा प्रयत्न केला. "का लेका, आता देव झाला का तू?" भाऊ हसला नाही. उपाध्यक्षांनी वर पाहिलं. त्यांचे डोळे भावाच्या चेहऱ्यावर थांबले नाहीत, मागे भिंतीवर गेले आणि तिथे राहिले. भावाने त्यांना दोन झारे वाढले.

अशी ओळ संपत आली. घाई नव्हती. मागून वरण घेऊन येणारं पोरगं खोळंबलं होतं, त्याला कोणी पुढे हो म्हटलं नाही.

अध्यक्ष टोकाला होते. भाऊ त्यांच्यासमोर उभा राहिला. अध्यक्षांनी पत्रावळीवर पाणी शिंपडलं, ते हाताने पुसलं, पुन्हा शिंपडलं. शेजारचा हळूच म्हणाला, "पाहून घ्या ना बापू. एक बार पाहाचं अन् झालं." अध्यक्षांची मान हलली नाही. भाऊ बाल्टी धरून उभा होता. मी भिंतीला टेकून पाहत होते. माझ्याजवळ वहिनी होती, तिने माझं मनगट धरलं होतं आणि ती भावाला बोलावत नव्हती. बाकीच्यांनी जेवायला सुरुवात केली नव्हती. शेवटच्याला वाढल्याशिवाय आमच्याकडे पंगत सुरू होत नाही.

अध्यक्ष उठले. कोरड्या पत्रावळीवरून उठले, नळावर जाऊन न जेवलेले हात धुतले आणि ट्रॉलीत जाऊन बसले. भरल्या पंगतीतून असं उठून जाणं आमच्या गावात मयतालाही कोणी करत नाही. ते कोणत्या कारणाने उठले हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि आता गावातही प्रत्येकाला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात चार ओळी आल्या, मी लिहिलेल्या. मंडपाचं उद्घाटन, भिंतीवर संताच्या जीवनातले प्रसंग, महाप्रसाद, मान्यवर उपस्थित. त्यात चूक एकही नव्हती.

संध्याकाळी मी भावाला म्हटलं, "शेवटच्या एकाला वाढायला पाहिजे होतं. वयानं मोठे आहेत."

तो दारात बसून गूळ-पोळी खात होता. "नाही म्हटलं का मी?" तो म्हणाला. "बाल्टी घेऊन उभाच होतो."

वहिनीने त्याच्या पानात आणखी एक पोळी टाकली. तो डावीकडून चावत होता का, हे तिने पाहिलं नाही. मी पाहिलं. नव्हता.